उजवा अंगठा घेऊन या

आमच्या ऑफिसात त्रुटीकाकांचा चेहरा सगळ्यांनी पाहिला होता, पण काकांनी कुणाचाच पाहिला नव्हता. अर्ज हातात आला की मान खाली जायची, ती लाल शाईत ‘त्रुटी’ लिहूनच वर यायची. तोवर समोरचा माणूस बदललेला असायचा.

मक्याच्या बियाण्याचं सरकारी अनुदान त्यांच्या टेबलावरून पुढे जायचं. “अहो, कणसात दाणे कमी भरले तर चालतं, अर्जाला कागद कमी चालत नाही,” असं खास पुणेरी सुरात ऐकवायचे. पण माणूस सोन्यासारखा! अर्जदाराचा चहासुद्धा घेत नसत. कसबा पेठेतून पायी यायचे. मी नवीन लागले तेव्हा आपलं अर्धं थालीपीठ न विचारता माझ्या डब्याच्या झाकणात ठेवायचे. “उपाशी बाई फार चुका करते,” म्हणायचे.

त्या वर्षी अर्जांच्या शेवटच्या दिवशी एक शेतकरी बाई आल्या. “सायेब, लई लांबनं आलेय. पेरणी तोंडावर हाय. बी न्हाई मिळालं तर रान पडीक राहील.”

काका कागदाशीच बोलले, “पुरुषांचा डावा, बायकांचा उजवा. तुम्ही डावा उठवलाय. उजवा अंगठा घेऊन या.”

बाईंनी पदराखालचा उजवा हात बाहेर काढला आणि स्वतःच त्याच्याकडे पाहिलं. अंगठा नव्हता. मका सोलायच्या यंत्रात गेला असावा, तसे हात मी गावाकडे पाहिले होते. “बरं,” म्हणाल्या आणि अर्ज उचलून निघून गेल्या. शेजारच्या टेबलावरून मी सगळं पाहिलं. नवी होते, घाबरट होते, तोंडातून ब्र काढला नाही. मेलं कसलं ते भ्याडपण!

डबा खाताना काकांना सांगितलं. घास हातातच राहिला. जन्मात रिक्षात न बसलेला हा माणूस रिक्षा करून स्वारगेटच्या स्टँडवर गेला. संध्याकाळी परत आले ते पार उतरलेल्या चेहऱ्याने.

“सगळ्याच बायकांचे हात पदराखाली होते हो,” म्हणाले. “परत दिलेल्या अर्जाची आपण नोंद ठेवत नाही. नाव नाही, गाव नाही. आणि तोंड तर मी पाहिलंच नाही.”

त्यानंतर काकांनी लाल पेन हातात धरलं नाही. येईल त्याच्या तोंडाकडे असे टक लावून बघायचे की लोक अवघडायचे. निवृत्त झाल्यावरही दर पेरणीला यायचे, दाराजवळच्या बाकावर बसायचे आणि निघताना मला विचारायचे, “आली का हो?”

“नाही काका.”

शेवटचे आले तेव्हा जिना चढून धाप लागली होती. मला बघवेना. म्हटलं, “आली होती काका. अर्ज घेतला मी.”

“कुठल्या अंगठ्यावर?”

“डाव्या.”

काका लहान मुलासारखे हसले. मग हळूच म्हणाले, “दिसायला कशी होती हो?”

मी सांगायला तोंड उघडलं. तिचा हात मला अजून आठवतो, हिरव्या बांगड्यांसकट. चेहरा आठवेना. त्या दिवशी मीही नुसता हातच पाहत बसले होते. काका काय समजायचं ते समजले. काठी घेऊन उठले आणि जिना उतरून गेले.

पुढच्या पेरणीला ते नव्हते. आता त्यांच्या खुर्चीवर मी बसते. टेबलापुढे कुणी बाई उभी राहिली की आधी चेहरा पाहते. आणि तिचा उजवा हात पदराखाली असला, की शाईचा पॅड तिच्या डाव्या हाताकडे सरकवते.