डोंगरावरची हळद

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी तानुबाईची कूस उजवली नव्हती. संग्रामपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी तिचा नवरा रंगराव याचं घर आणि शेत होतं. तिथे ती पहाटेपासून राबायची, आणि सासू रुक्मिणीबाई ओसरीवर बसून आल्यागेल्याला सांगायची, "ढोर असतं तर बजारात नेऊन इकलं असतं." तेही तानुबाईला ऐकू जाईल अशा बेतानं.

त्या साली माघात सासू एकाएकी गोड झाली. "डोंगरावरच्या मायबाईले नवस बोलू," म्हणाली. "एक रात तिच्या पायाशी काढू. तुह्या बहिणीलेही आण. तुले सोबत होईन."

तानुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. धाकटी कोकिळा विधवा आईजवळ जानेफळला, मामाच्या आश्रयानं राहत होती. रंगराव स्वतः छकडा जुंपून तिला आणायला गेला. एरवी सासरवाडीला जायला त्याला सवड नसायची. तानुबाईला याचंही सुखच वाटलं.

कोकिळा आली, आणि दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर सगळे निघाले. भावकीतली दहाबारा माणसं आणि पूजेला भटजी. जंगलच्या नाकेदारानं जाळ करू द्यावा म्हणून त्याला कोंबडा पोचवला होता. सगळ्यांत जड गठोडं तानुबाईच्या डोक्यावर आलं.

"नवस तुहा, तं ओझंही तुहंच," सासू म्हणाली.

अनवाणी पायांत काटे मोडत होते. कोकिळा मागून म्हणाली, "दे ना बाई, जरा मी घेतो."

"नको वं. फळ कमी होईन."

दिवस बुडता सगळी माथ्यावर पोचली. सालईच्या झाडाखाली शेंदूर फासलेला दगड, तीच मायबाई. सासूनं गठोडं सोडायला लावलं. पीठ, गूळ, भांडी निघाली. त्याखाली हळद, हिरव्या बांगड्या, पिवळं लुगडं आणि मंगळसूत्र.

"आत्याबाई, मायबाईची ओटी का?"

"कोकिळीची," रुक्मिणीबाई म्हणाली. "सकाळी रंगरावासंगं तिचं लगन लावून देतो. गावात तिच्या मामानं मोडता घातला असता. इथं कोण येते?"

"तानुनं सोताच वाहून आणलं की!" एक दीर म्हणाला, आणि जाळाभोवतीची माणसं पोट धरून हसली. रंगराव काटक्या मोडत राहिला.

मग सासूनं तानुबाईला बाजूला घेतलं. "तुले काही काढून नाही देत. राह्य कोपऱ्यात. पण पोरगी पळाली, तं तूही माह्या घरी येऊ नको."

माणसं निजल्यावर एका घोंगडीखाली कोकिळा तिच्या कानाशी लागली. "बाई, वाट तुले ठाव हाय. चाल ना, पळू."

वाट तिला ठाऊक होती. पण पुढे? जानेफळला आईच मामाच्या ताटाखाली जगत होती; तिथे टाकलेल्या लेकीला कोण उभं करणार? तानुबाईनं बहिणीच्या अंगावर हात टाकला. कोकिळेला वाटलं, बाई जवळ घेते आहे. ती उठायला गेली, तेव्हा तो हात सैल झाला नाही.

"बाई, सोड."

"निज."

सकाळी बहीण म्हणून हळद तानुबाईलाच लावायला सांगितलं. कोकिळा रडली नाही. फक्त हळद लागेपर्यंत तिच्याकडे बघत राहिली.

कोकिळेला दोन मुलगे झाले. त्यांना न्हाऊमाखू घालणं, त्यांची आजारपणं, सारं तानुबाईनं केलं. पण त्यांनी तिला मावशी म्हटलेलं कोकिळेला खपत नसे. पुढे रुक्मिणीबाई अंथरुणाला खिळली. तिचं हगणंमुतणंही तानुबाईनंच काढलं. म्हातारीनं मरताना किल्ल्या मात्र कोकिळेच्या हातात दिल्या.

दिवसपाणी उरकलं त्याच संध्याकाळी कोकिळेनं तानुबाईचं अंथरूण माजघरातून बाहेर काढलं.

"गोठ्यात निजत जा आता," ती म्हणाली. "तिथं ऊब असते."

 वाकळ काखेत मारून तानुबाई गोठ्यात गेली. कोपऱ्यात वासरू बसलं होतं. त्याला तिनं थोडं सरकवलं.