बोर्डात दुसरं आलेलं गाणं

मंदारचा फोन आला तेव्हा मी रेडमंडला ऑफिसच्या बसमध्ये होतो. "आई गेली रे," तो म्हणाला, "झोपेतच." डोळे भरून आले, पण खरं सांगतो, उतरेपर्यंत मला हसूही फुटलं होतं... सुधाकाकूंची आठवण कोरडी किंवा गंभीर राहतच नाही.

२००५ साली मी अमेरिकेतच, आयसेलिनला मंदारचा रूममेट होतो. काका गेल्यावर काकू पुण्याहून लेकाकडे आल्या, त्या गप्प गप्पच. त्यांना बोलतं केलं ते शेजारच्या कारमेनने. ती पोर्तो रिकोची. दोघींचं इंग्रजी बेताचं, त्यामुळे भांडायची सोयच नव्हती. दुपारभर कारमेनच्या स्वयंपाकघरात कॉफी आणि रेडिओ. त्या उन्हाळ्यात तिच्या बेटावरचं एक रेगेटोन गाणं अमेरिकेतल्या टॉप स्पॅनिश गाण्यांत वर चढू लागलं. ठेका दणदणीत, शब्द एकही कळत नव्हता. पण काकूंनी जाहीर केलं, "हे तिच्या माहेरचं गाणं आहे. पहिलं आलंच पाहिजे!" दर रविवारी रेडिओवर क्रमवारी लागायची. गाणं तिसरं आलं, तशी काकूंनी देव्हाऱ्यातला बाळकृष्ण उचलला आणि चक्क पाण्यात घातला.

मंदार चक्रावला. "आई, अगं गाण्यासाठी कुणी देव पाण्यात घालतं का?"

"तुझ्या व्हिसासाठी घातला होता, तेव्हा नाही विचारलंस!"

पुढच्या रविवारी गाणं दुसरं आलं. आम्हीही, सॉफ्टवेअरवाले शहाणे, आता श्वास रोखून रेडिओपाशी बसू लागलो. आणि त्यानंतरच्या रविवारी ते घसरलं... कारमेनने रेडिओ बंद केला. काकू तशाच उठून घरी आल्या आणि त्यांनी बाळकृष्ण पुसून जागेवर ठेवला. आता या पुन्हा मिटून घेणार, या भीतीने मंदारचा चेहरा उतरला. तासाभरात घरभर वेलदोड्याचा वास! रिकोटा चीजचे पेढे घेऊन काकू कारमेनच्या दारात उभ्या.

"बोर्डात दुसरं आलंय म्हटलं! आमच्याकडे दुसऱ्याचाही फोटो छापतात पेपरात."

बोर्ड म्हणजे काय ते मी कारमेनला समजावलं, आणि ती रडता रडता हसली. मग तिने रेडिओ पुन्हा लावला, काकूंनी पदर खोचला आणि दोघी कॉरिडॉरमध्ये अशा नाचल्या की मजल्यावरची सगळी दारं उघडली. पेढे सगळ्यांना पुरले.

गेल्या महिन्यात आयसेलिनला गेलो. काकूंनी सांगून ठेवलं होतं, म्हणून मंदारने बाळकृष्ण कारमेनला दिलाय. तिच्या मेरीमातेशेजारी तो मजेत बसलाय.

"याला पाण्यात कधी घालायचं?" तिने मला गंभीरपणे विचारलं.

"एखादी गोष्ट अगदी मनापासून हवी असेल तेव्हा."

तिने जरा विचार केला. "मग माझ्या घरी हा कोरडा राहायचा नाही," म्हणाली, आणि ग्लास शोधायला उठली.