टपालमामांची घरांची वही

पोलीस खात्यातली माझी बहुतेक वर्षे मराठवाड्यात गेली. अनेक गुन्ह्यांची कलमेही आता आठवत नाहीत, पण एक बुधवार अजून तासातासाने आठवतो.

हिंगोली जिल्हा परभणीपासून वेगळा होऊन थोडीच वर्षे झाली होती. जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी सहायक पोलीस निरीक्षक म्हणून ठाण्याचा प्रभारी होतो. भादव्याचे दिवस होते, सोयाबीन काढणीला आले होते. सकाळची हजेरी संपवून मी टपाल पाहत बसलो होतो, तेवढ्यात साठीच्या आसपासची एक बाई थोरल्या मुलाला घेऊन आली. तिचे यजमान सोमवारी सकाळी घरून निघाले होते, ते परतले नव्हते.

"दोन दिवस थांबलात कशाला?" मी विचारले.

"पोरीकडं बाळापूरला गेले असतील असं वाटलं, सायब. काल थोरला जाऊन आला. तिकडं न्हाईतच."

"घरात काही बोलणं झालं होतं? भांडण?"

"ते कोणाशी भांडत न्हाईत. त्यायला एकच येड. वही घ्यायची अन् लोकायच्या घराला जायचं."

हे मला समजेना. आमचे बीट जमादार त्याच गावचे, निवृत्तीला आलेले. त्यांनी खुलासा केला. बेपत्ता झालेला माणूस म्हणजे गावचे निवृत्त पोस्टमन. सगळे त्यांना टपालमामा म्हणत. सारी नोकरी त्यांनी याच गावात पत्रे वाटली. निवृत्त झाल्यावर गावातल्या जुन्या घरांचा इतिहास लिहायला घेतला. घर कोणी बांधले, सागवान कुठून आणले, कोण राहिले, कोणी विकले, कोण गाव सोडून गेले, हे घरोघरी बसून विचारायचे आणि शाळकरी वहीत लिहायचे. मामा बौद्ध वस्तीतले. नोकरीच्या सुरुवातीला यातल्या काही घरांत त्यांना पायरीखाली उभे राहून पत्र द्यावे लागे. आता त्याच घरांच्या ओसरीवर लोक त्यांना खुर्ची देत आणि आपल्या पणजोबाचे नाव त्यांनाच विचारत. सात वह्या भरून घरी होत्या. आठवी, निळ्या पुठ्ठ्याची, सोमवारी ते सोबत घेऊन गेले होते.

मिसिंगची नोंद घेतली, वर्णन बिनतारी संदेशाने शेजारच्या ठाण्यांना कळवले. अकराच्या सुमारास ठाण्यातला फोन वाजला.

"टपालमामाला हुडकून राहिले ना?" अनोळखी पुरुषाचा आवाज. "पेठेतल्या भुसार दुकानदाराच्या आंगनात पहा. सोमवारी तिथं भांडण झालं, अन् मंगळवारी खड्डा बुजवला त्यानं."

नाव विचारले तोवर फोन ठेवला गेला. तो बसस्टँडजवळच्या एसटीडी बूथवरून आला होता. बूथवाल्याला कोणी आठवेना, बाजारचा दिवस होता. फोन करणारा कोण, हे शेवटपर्यंत कळले नाही.

असली खबर ठाण्याच्या भिंतीत राहत नाही. अर्ध्या तासात वस्तीतले शंभरेक लोक ठाण्यासमोर येऊन उभे राहिले. घोषणा नव्हत्या, आरडाओरडा नव्हता. मला त्या शांततेचीच जास्त काळजी वाटली. त्यांच्यातला एक वयस्कर गृहस्थ पुढे आला.

"सायब, आमी दगड उचलणार न्हाई. पण तपास बराबर करा."

पेठेतले ते घर जुने, दगडी जोत्याचे. पुढच्या भागात भुसार दुकान, त्यामागे दुकानदाराचे राहते घर, मग अंगण. अंगणात नव्या गाळ्यांसाठी पाया खणणे चालू होते. अंगणाच्या पलीकडे मातीची जाड भिंत होती. दुकानदार पन्नाशीचा, अंगाने स्थूल. मामा सोमवारी आले होते का, असे विचारताच तो म्हणाला, "न्हाई. महिनाभरात पाहिले बी न्हाई मी त्यायला."

पायावर काम करणाऱ्या मजुराला मी बाजूला घेऊन तेच विचारले. तो म्हणाला, मामा सकाळी आले होते आणि शेट त्यांच्यावर मोठ्याने ओरडत होते.

म्हणजे शेट खोटे बोलत होते. दोन पंच बोलावले आणि मंगळवारी बुजवलेला खड्डा उकरायला लावला. फावड्याच्या प्रत्येक घावाला मामांचा थोरला मुलगा मान फिरवत होता. विटांचे तुकडे, फुटकी कौले, जुना चुना, आणि मग कडक मुरूम. दुसरे काही नव्हते. पंचनामा केला आणि शेटना ठाण्यात आणले.

दोन तास मी त्यांना विचारत होतो. आधी म्हणाले, मामा आलेच नाहीत. मग म्हणाले, दारातून परत गेले. मग म्हणाले, आठवत नाही. घामाने सदरा चिकटला होता. तिकडे उपविभागीय अधिकाऱ्यांचा दर अर्ध्या तासाला फोन येत होता. बाहेरची गर्दी दुप्पट झाली होती. पेठेने दुकाने बंद करायला सुरुवात केली होती. संध्याकाळपर्यंत मामांचा पत्ता लागला नाही तर गावात काय होईल, याचा विचार डोक्यातून जात नव्हता. शेवटी माझा तोल गेला. खुर्ची मागे सारून मी उठलो आणि हात उगारला.

"सायब," जमादार शांतपणे म्हणाले, "जरा बाहेर येता का?"

व्हरांड्यात नेऊन ते हळू आवाजात बोलले. "ह्यो माणूस लई भेलाय. पण मारणारा माणूस आपल्याकडं पाहत ऱ्हातो, सायब. आपल्याला किती कळलं, ते आपल्या तोंडावर वाचतो. ह्यो खिडकीतून बाहेर पाहून राहिला. तुमाला न्हाई, लोकायला भेऊन राहिला."

मी परत आत पाहिले. जमादारांचे म्हणणे खरे होते. शेटची नजर खिडकीवरून हलत नव्हती.

मी खिडकी लावून घेतली. जमादार सोडून सगळ्यांना बाहेर पाठवले आणि तीन कप चहा मागवला. शेटने दोन घोट घेतल्यावर म्हणालो, "तुम्ही त्यांना मारलं का, हे मी आता विचारत नाही. लोकांना कोणती गोष्ट कळू नये असं तुम्हाला वाटतं, तेवढं सांगा. तो गुन्हा नसेल तर तुमच्या मर्जीविना या खोलीबाहेर जाणार नाही."

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "वही माझ्यापाशी हाये."

"मामांची?"

"व्हय. दुकानात, तुरीच्या पोत्यात."

मग त्यांनी सगळे सांगितले. ते घर मुळात त्यांचे नव्हते. निजामी कचेरीत कारकून असलेल्या एका मुसलमान कुटुंबाचे होते. अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शनच्या वेळी ते कुटुंब हैदराबादला निघून गेले. जाताना किल्ल्या शेजाऱ्याकडे, म्हणजे शेटच्या आजोबांकडे ठेवल्या. आम्ही येईपर्यंत सांभाळा, एवढेच बोलणे झाले होते. आजोबा पुढे तिथेच राहायला गेले आणि काही वर्षांनी कागदोपत्री नाव लावून घेतले. घराचा मागचा भाग मात्र त्यांनी कधी वापरला नाही, मधे भिंत घातली. सोमवारी मामा लिहिलेले वाचून दाखवायला आले होते. ज्याचे घर त्याला आधी वाचून दाखवायचे, असा त्यांचा रिवाज होता.

"मी वही हिसकून घेतली," शेट म्हणाले. "म्हणलं, पुन्हा माझ्या दारात येऊ नका. त्यायनं वही मागितली बी न्हाई. उठून गेले. मी त्यायला बोट लावलं न्हाई सायब. पण वही सापडली असती तर कोणी इश्वास ठेवला असता?"

माझा विश्वास बसला. पण माणूस सापडला नव्हता. जमादारांना पाठवून मी वही मागवली. तिच्यात त्या घरावर तीन पाने होती. अक्षर टपोरे, पत्ता वाचणाऱ्याच्या सवयीचे. एका ठिकाणी लिहिले होते, "हैदराबादहून घराची चौकशी करणारी पोस्टकार्डे येत. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत तीन आली. मी स्वतः नेऊन दिली. उत्तर गेले नाही." कोणावर ठपका नव्हता, एक शिवराळ शब्द नव्हता. शेवटच्या पानाच्या तळाशी दोन ओळी होत्या.

"पेवे तीन. दोन अंगणात, बुजवलेली. तिसरे भिंतीपलीकडे पडक्या भागात आहे असे सांगतात. सोमवारी वाचन झाल्यावर जाऊन पाहणे."

पेव म्हणजे जमिनीखाली खणलेले धान्याचे कोठार. आमच्या भागातल्या जुन्या घरांत ती सर्रास असत. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढे, आत खोलीएवढी पोकळी. धान्य भरले की तोंड बंद करत. वापर सुटल्यावर कित्येक पेवे नुसत्या फळ्या आणि माती टाकून विसरली गेली.

"भिंतीपलीकडं जायला वाट कुठून आहे?" मी शेटना विचारले.

"मागच्या बोळातून. पण तिकडं कोणीच जात न्हाई. सगळं गवत माजलं." बोलता बोलता ते उभे राहिले. त्यांनाही कळले होते.

चारच्या सुमारास शेटना आणि मामांच्या थोरल्या मुलाला घेऊन आम्ही मागच्या बोळात पोचलो. काट्यांचे कुंपण एका जागी वाकलेले होते. कमरेइतक्या गवतातून जमादार पुढे गेले आणि एकदम हात आडवा करून थांबले. गवतात एक चप्पल पडली होती. त्यापुढे हातभरावर कुजलेल्या फळ्या आत मोडून पडलेल्या, आणि खाली काळोख.

जमादार पोटावर आडवे झाले. "मामा," त्यांनी हाक मारली.

त्यांनी पुन्हा हाक मारली. थोड्या वेळाने खालून क्षीण आवाज आला, "कोण हाये?"

"मी जमादार."

"पाणी आणलं का?"

मी तिथेच गवतात बसलो. साहेबाने असे बसायचे नसते, पण बसलो.

थोरला मुलगा लगेच उतरायला निघाला होता. शेटने त्याचा दंड धरला. "आधी कंदील सोडा. पेवात वारं कोंडलेलं असलं तर उतरणारा बी जातो." दुकानातून कंदील आला, दोरीने सोडला. तो विझला नाही. फळ्या मोडून तोंड उघडे पडल्यामुळे आत हवा खेळती होती. शेटनीच शिडी आणली आणि ती दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. आमचा एक शिपाई आणि मुलगा खाली उतरले. मामांच्या मांडीचे हाड मोडले होते. मंगळवारी पहाटे पावसाची सर आली होती. वरून ठिबकणारे पाणी त्यांनी टोपीत धरून प्यायले होते. पायाला लाकडी पट्ट्या बांधून, दोरांनी त्यांना वर काढायला तासभर लागला.

बाजेवर घालून बोळातून बाहेर आणले तेव्हा सगळी गर्दी तिथे आलेली होती. लोक आधी मामांकडे पाहत, मग शेटकडे. थोरल्या मुलाने बापाच्या तोंडाशी वाकून विचारले, "ह्यायनं ढकललं का तुमाला?"

मामांनी मान हलवली. "न्हाई रे. मीच गेलो. फळी मोडली."

ते वाक्य तोंडातोंडी मागे जाताना मला दिसले. खांदे सैल झाले. कोणीतरी शेटच्या हातात पाण्याचा तांब्या दिला, कारण सर्वांत जास्त तेच धापा टाकत होते. मामांची बायको बाजेजवळ आली, नवऱ्याच्या केसांतली माती झाडली आणि म्हणाली, "आता वही माझ्याच पेटीत ऱ्हाईल. कुलपात." दोन-चार बायका हसल्या. मग सगळेच हसले. दिवसभर श्वास धरून बसलेले गाव त्या हसण्याने मोकळे झाले.

चार दिवसांनी मी हिंगोलीच्या दवाखान्यात मामांचा जबाब घ्यायला निघालो. शेट म्हणाले, मी येतो. मामांचा पाय वजनाला बांधून टांगला होता. शेटने निळी वही माझ्याकडून घेऊन त्यांच्या उशाशी ठेवली.

"मामा, आजोबाचं लिहिलं ते तसंच राहू द्या," ते म्हणाले. "फक्त खाली एक ओळ घाला. नातवाला हे माहीत नव्हतं..." ते थांबले. "न्हाई. माहीत होतं. तसंच लिहा."

मामांनी वही उशाशीच राहू दिली. "त्यायचा हैदराबादचा पत्ता पाठ हाये मला," ते म्हणाले. "पत्र तुमी लिहिता का मी लिहू?"

पत्र शेटनी लिहिले. पुढे माझी बदली झाली, पण जमादारांनी कळवले की त्या कुटुंबातला एक वृद्ध गृहस्थ गावी येऊन गेला. मागच्या जागेचे काय करायचे ते त्याने आणि शेटने वकिलासमोर ठरवले. मामा काठी टेकत त्याला सगळी पेठ दाखवत फिरले.

या प्रकरणाने मला चौकशी करायला शिकवले. समोरचा खोटे बोलतो आहे हे ओळखणे फार अवघड नसते. तो कशासाठी खोटे बोलतो आहे हे ओळखणे अवघड असते. बरीच माणसे गुन्हा लपवत नाहीत, लाज लपवतात, आणि लाजेचा घाम अगदी गुन्ह्याच्या घामासारखा दिसतो. पुढच्या नोकरीत संशयित गप्प बसला की मी खिडकी लावून घेई आणि चहा मागवी. सगळे बोललेच असे नाही, पण पुष्कळ बोलले.

मी अजूनही कधी कधी विचार करतो. जमादारांनी त्या दुपारी मला बाहेर बोलावले नसते, तर मी शेटना मारले असते. माराला भिऊन त्यांनी खूनसुद्धा कबूल केला असता. आम्ही ठाण्यात बसून तो जबाब पानेच्या पाने लिहून काढला असता, आणि तेवढा वेळ एक जिवंत माणूस पेठेच्या मागे, हाकेच्या अंतरावर, पाण्याची वाट पाहत पडून राहिला असता.