थ्रॉस्विकांच्या वंशवृक्षातला रिकामा चौकोन

क्वीन्सटाउनच्या आमच्या ब्लॉकमध्ये समोरच्या दारात राहणारे ऑस्कर अंकल नव्या माणसाला आधी आडनाव विचारत आणि लगेच, "या आडनावाचे किती जण?" मी जोशी. मोजता येणार नाहीत, म्हणालो. "मग काय मजा लाह," ते इथल्या बोलीतला 'लाह' जोडत म्हणाले. "आम्ही थ्रॉस्विक जगात दोनशेही नाही."

मी हिशेबतपासनीस, पुरावा मागितला. त्यांनी जेवणाच्या टेबलावर वंशवृक्ष पसरला. उत्तर इंग्लंडच्या डोंगरात मेंढपाळांची एक वाडी होती, तिचंच नाव आडनाव झालं. लोकरीचा धंदा बसला तसे काही भाऊ कोळशाच्या खाणींकडे गेले, एक ऑस्ट्रेलियाला, आणि एक इथल्या बंदरावर कारकून म्हणून आला. तो अंकलचा पणजोबा. प्रत्येक फांदी त्यांनी कागदोपत्री पडताळली होती. मी चूक शोधायला बसलो. एकही सापडली नाही.

फक्त पणजोबांशेजारचा चौकोन रिकामा होता. ती इथलीच बाई. चर्चच्या नोंदीत मुलांची नावं होती, बापाचं होतं, तिचं नव्हतं. "इंग्लंडातले मेंढपाळ सापडले, ही सापडत नाही," ते म्हणत. "हिच्याशिवाय मी आलो कुठून?" वय ऐंशीच्या पुढे. हा चौकोन भरल्याशिवाय जायचं नाही, असं ते चहा पिता पिता सांगत.

एकदा बायको आणि मुलगी बरोबर असताना, त्या काळचे इंग्रज तसेच, बाईचं नावसुद्धा लिहायचे नाहीत, असं काहीतरी मी तोऱ्यात बोललो. अंकल माझ्या बायकोकडे वळले. "आणि तुझं नाव काय होतं, गर्ल? लग्नाआधी?"

"मंजिरी यशवंत सोहोनी." तिने एका दमात सांगितलं.

आमच्या लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने 'अनघा' मीच लिहिलं होतं. नाव आईने निवडलं, मला आवडलं. तिला कोणी विचारलं नाही. पासपोर्टपासून फ्लॅटच्या कागदांपर्यंत तेच. तिचं आधीचं नाव मी इतक्या वर्षांत एकदाही उच्चारलं नव्हतं. शेजारी बसलेल्या आमच्या मुलीला तर ते त्या दिवशीच कळलं. "सीरियसली, बाबा?" एवढंच ती म्हणाली. मला मान वर करवेना.

त्यानंतर अंकलबरोबर मीही जुन्या नोंदी चाळल्या. काही मिळालं नाही. मागच्या वर्षी ते गेले, चौकोन तसाच ठेवून. त्यांच्या अंत्यविधीहून परतताना एमआरटीच्या गाडीत मी बायकोला विचारलं, तुला मंजिरी म्हणू का?



"नको," ती म्हणाली. "आता त्या नावाने कोणी हाक मारली, तर मी वळूनसुद्धा बघणार नाही."