दिलेली लेसिएली

देणाऱ्याने काय, दवंडी पिटून द्यायचं असतं? आम्हा टोंगाच्या माणसांना ते कधी जमलं नाही. अख्खं भाजलेलं डुक्कर पाहुण्यापुढे ठेवू आणि म्हणू, "काही नाही हो, आपलं थोडंसं तोंडाला." ऐकणारा आमच्यातला असला की त्याला बरोबर कळतं. नसला की मग झाली पंचाईत. आकानेसीच्या जन्माचं मातेरं झालं ते याच्यापायी. तरी गाव अजून तिलाच नावं ठेवतं, याचा मला भयंकर राग येतो.

आकानेसी केवड्याच्या पानांच्या चटया विणायची. तिच्यासारखी बारीक वीण आमच्या बेटावर कुणाची नव्हती. नवरा मालाकाई मासेमारीला जायचा. घरात पोरींचं लेंढार, त्यात शेंडेफळ लेसिएली. शेजारच्या रिकाम्या घरात एक गोरं जोडपं राहायला आलं, तेव्हा ती दुधाचे दात पाडत हिंडत होती.

जोडपं स्वयंसेवक म्हणून आलं होतं. दोन वर्षं गावात राहायचं, शाळेत शिकवायचं, पावसाच्या पाण्याच्या टाक्या बांधायच्या. बाईला आम्ही लुते म्हणायचो, तिच्या नवऱ्याला तानिएला. माणसं लाख चांगली. लुते चटई विणायला बायकांत येऊन बसायची, आणि तिची वीण बघून आम्ही पोट धरधरून हसायचो.

एकदा कुणीतरी विचारलंच, "काय गं, पोरं कुठे ठेवून आलीस?"

लुते हसली. मग तिचे ओठ थरथरले. "होत नाहीत मला," ती म्हणाली.

ही गोष्ट मालाकाईच्या थोरल्या बहिणीच्या, वासितीच्या कानावर गेली. आमच्याकडे पोरांवर पहिला हक्क आत्याचा, आईबापाचा नंतर. वासिती दारातूनच कडाडली, "तुमच्या घरात पोरींना झोपायला जागा नाही, आणि शेजारी ओटी रिकामी! लाज वाटत नाही?"

मूल द्यायचं ही आमच्याकडे आक्रीत गोष्ट नाही. माझी एक बहीण अशीच काकाकडे वाढली. तरी आकानेसीला आठवडाभर घास गिळवेना. लुतेचे ते ओठ मात्र तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. शेवटी तिची तीच म्हणाली, "लेसिएलीला देऊ. तीच सगळ्यांत गोड आहे."

रविवारी प्रार्थना सुटल्यावर दोघं नवराबायको डुक्कर भाजून, घरातली सगळ्यांत चांगली चटई घेऊन शेजारी गेले. लेसिएलीला नवा झगा घातला होता. आकानेसी मान खाली घालून बसली आणि रीतीप्रमाणे बोलली, "पोर अगदी बिनकामाची आहे. खाते मात्र बक्कळ. पडू दे तुमच्याकडे एका कोपऱ्यात. पाणीबिणी तरी आणील."

लुतेने पोरीला कवेत घेतलं आणि घळाघळा रडली. "राहू दे की! आम्हाला फार आवडेल."

आता याहून वेगळं काय बोलायचं असतं, सांगा!

घरी येण्याआधी आकानेसीने लेकीला बाजूला घेतलं. "आजपासून ती तुझी आई. मला नावाने हाक मारायची."

"आकानेसी?" म्हणून पोर खुदकन हसली. आकानेसीही हसली. मग घरी चुलीमागे जाऊन तिने तोंडात कापडाचा बोळा कोंबला.

नंतर ती कुंपणाच्या अलीकडून बघायची. लुते लेसिएलीची वेणी इतकी वाकडी घालायची की आकानेसीचे हात शिवशिवायचे, पण कुंपण ओलांडून ती गेली नाही. दिलं म्हणजे दिलं. पोर लुतेला आई म्हणायची. लुतेला वाटायचं, इथली पोरं मावशीलाही आईच म्हणतात, तसंच हे.

त्यांचे जायचे दिवस आले. वासिती गावभर मिरवत होती, "आमची लेसिएली विमानात बसणार!" आकानेसी लेकीबरोबर द्यायची चटई विणत होती. पानं भिजवायला समुद्राचं पाणी कशाला, असे तिचे डोळे वाहत होते.

बोटीच्या आदल्या दिवशी लुते आणि तानिएला आले. लुतेच्या हातात लेसिएलीचे धुतलेले, घडी घातलेले कपडे होते.

"आकानेसी, तुझे उपकार कसे फेडू? पोटची पोर तू आमच्याकडे खेळायला, राहायला सोडलीस. कामाला तुझा एक हात कमी पडला असेल. आता तुझी तुला."

आकानेसीचे हात थांबले. मालाकाईने बायकोकडे बघितलं. दोघांनाही एकदमच कळलं, पोर दिली होती हे यांना कधी समजलंच नव्हतं.

सांगावं? सांगितलं तर बाई तोंड कुठे लपवणार? उद्या बोट, कागदपत्रं नाहीत, काही नाही. आणि गळ्यात मारलेली पोर कुणी प्रेमाने नेतं का? खरं सांगते, पुढे शपथ घालून तिनेच मला सांगितलं, त्या क्षणी आकानेसीचं काळीज आनंदाने उडालंही होतं. माझी लेक मला! लगेच त्या आनंदाची तिला शरम वाटली. "छे, उपकार कसले," एवढंच ती म्हणाली.

ते दोघं गावाचा निरोप घ्यायला पुढे गेले. मागोमाग लेसिएली आली. पाठीवर टोपली, टोपलीत शिंपले.

"आईने माझे कपडे इथे का ठेवले? मी नको तिला?"

आकानेसीने तिच्या पाठीवरची टोपली उतरवली. "नको कशी? ती सोडतच नव्हती तुला. रडली, पाया पडली. मीच हट्ट धरला. मीच तुला परत मागून घेतली."

पोरीने तिच्या हाताला कडकडून चावा घेतला. वासिती दारात उभी होती, तिने सगळं ऐकलं. "दिलेली पोर मागितलीस? आमच्या घराण्याच्या तोंडाला काळं फासलंस!" मालाकाई बोलायला गेला, तर आकानेसीने त्याचा हात दाबला.

धक्क्यावर लेसिएली लुतेला चिकटून हंबरडा फोडत होती. लुते तिला कुरवाळत म्हणाली, "आईचं ऐकायचं हं, बाळ." पोरीने आकानेसीकडे असं बघितलं की मला तिकडे थांबवेना. विणलेली चटई आकानेसीने लुतेच्या हातात दिली. "काही नाही, आपली साधीच आहे."

लेसिएली मोठी झाली, गावातच नांदली. आईला औषधपाणी, मासळी, अळूचे कंद, काही कमी पडू दिलं नाही तिने. पण हाक मारायची ती नावानेच. मालाकाई अंथरुणाला खिळला तेव्हा कळवळून म्हणाला, "आता तरी सांगून टाक तिला."

"काय सांगू? तिला कुणी घेतलंच नव्हतं, हे?"

मालाकाई गेला. परवाच लेसिएली आपल्या धाकटीला मांडीवर घेऊन आकानेसीजवळ विणायला बसली होती. पोरीच्या केसांतून हात फिरवत ती सहज म्हणाली, "आकानेसी, मी हिला कुणाला देणार नाही. आणि दिलीच, तर तुझ्यासारखी परत मागणार नाही."

"बरोबर आहे तुझं," आकानेसी म्हणाली, आणि तिने विणायला पुढचं पान घेतलं.