गाडीचे दोन उंबरठे

गंजाशी जन्माचं वैर धरलेला माणूस अख्ख्या खान्देशात एकच, आणि नेमका तोच माझ्या बायकोचा मामा निघावा, हे माझं नशीब! धुळ्याला बसगाड्यांची बॉडी बांधण्यात हयात घालवून मामा निवृत्त झाले आणि पिंप्राळ्यातल्या घरापुढच्या शेडमध्ये आपली दुधी रंगाची जुनी मोटार खोलून बसले. लग्नाला गेले तरी मामा आधी मांडवाबाहेरच्या गाड्यांखाली वाकून बघणार. पारोळ्याला एकदा त्यांनी नवरदेवाच्या बापाला आहेर द्यायच्या आधी ‘तुमनी गाडी खालतून गयी’ असं ऐकवलं, आणि तो भला माणूस आहेर सोडून गाडीकडे पळाला.

कारखान्यात पत्र्यावर पत्रा ठेवून विजेचा चटका देतात, की वाटाण्याएवढा टिपका उमटतो आणि दोन्ही पत्रे एकजीव होतात. असा पत्रा बदलायचा तर गॅरेजवाला सरळ कटर फिरवतो, वरून नवा तुकडा डकवतो, खड्ड्यात लांबीचा लगदा भरतो आणि रंग मारून मोकळा होतो. मामांना तो मार्ग सांगून बघा! “वरतून रंग, मझार गंज!” म्हणत अंगावर येत. दारांखाली गाडीला धरून ठेवणारी जी लांब पेटी असते तिला ते ‘उंबरठा’ म्हणत, आणि तिच्यावर पाय देणाऱ्याची खैर नसे. रंग खरवडून तिचा एकेक टिपका शोधायचा, त्यावर खूण ठोकायची आणि ड्रिलनं फक्त वरचा पत्रा सोडवायचा. खालच्याला ओरखडासुद्धा नको. रविवारी ड्रिल माझ्या हातात. माझ्या हातून ते आरपार गेलं की पंचाईत, कारण जावयाला रागवायची सोय नाही. मग मामा पत्र्यावरच ओरडत, “अक्कल शे का तुले?” आणि लगेच माझ्याकडे वळून मऊ आवाजात, “जवाईबापू, चहा लेतस ना?” मला मेल्याहून मेल्यासारखं होई.

मग मामींच्या पोटात गाठ निघाली. मामींचं माहेर साक्रीकडचं एक खेडं, तिथे त्यांची म्हातारी बहीण. लग्नानंतर पहिल्यांदा त्या माहेरी गेल्या त्या याच गाडीतून, आणि आता शेवटचं जायचं तेही हिच्यातूनच, असं त्यांनी एकदा बोलून टाकलं. झालं! मामा दिवसभर शेडमध्ये. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, न्यायचं असेल तर लवकर न्या. मी ते मामांना सांगितलं. सांगायला नको होतं.

मामांचा नियम होता, एका वेळी एकच उंबरठा सोडायचा. एक बाजू पुरती जोडल्याशिवाय दुसऱ्या बाजूला हात लावायचा नाही, नाहीतर गाडी मधोमध बसते. हा नियम त्यांनी मला शंभरदा ऐकवला असेल. आणि वेळ वाचावा म्हणून त्याच माणसानं दोन्ही उंबरठे एकदम सोडले, आतून आधाराची आडवी दांडीही न देता. मी गेलो तेव्हा मामा पुढचं दार लावून बघत होते. ते लागत नव्हतं. गाडी बोटभर खाली बसली होती, आणि मामा कुणावरच ओरडत नव्हते.

मी तडक आत गेलो. “मामी, माझी गाडी दाराशी उभी आहे. आत्ता निघू, दुपारी बहिणीजवळ असाल.”

मामींनी शेडकडे, मामांकडे बोट दाखवत नकारार्थी मान हलवली. “मी तुमनी गाडीमा गऊ, तर ह्या काम सोडी देतीन. मंग मन्हा मागे काय करतीन ह्या?”

मी भांडलो, अक्षरशः भांडलो. मामी हसल्या, आणि हे मामांना सांगायचं नाही अशी शपथ घालून भिंतीकडे वळल्या. बारा दिवसांनी त्या गेल्या. साक्रीहून बहीणच आली, तीही उशिरा.

दिवसकार्य आटोपलं आणि मामांनी पुन्हा ड्रिल उचललं. जॅकवर गाडी तसूतसूनं उचलत, दार लावून बघत, त्यांनी सात महिन्यांत दोन्ही उंबरठे जोडले. परवा रविवारी मी गेलो तर दार अलगद लागत होतं. रंग चढला होता. हत्यारं पुसून पेटीत भरलेली, आणि मामा हात मांडीवर ठेवून खुर्चीत बसलेले. चहाचंसुद्धा विचारलं नाही त्यांनी. मला एकदम भीती वाटली.

मी गाडीमागे वाकलो आणि म्हणालो, “मामा, डिकीखालचा पत्रा गेलाय वाटतं.”

मामा उठले. गुडघ्यावर बसून त्यांनी बोटाच्या पेरानं पत्रा वाजवला. खणखणीत आवाज आला. त्यांनी पुन्हा वाजवला, मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

“हां,” ते म्हणाले, “सडी गया शे.” आणि हत्यारांची पेटी उघडायला गेले.