राणी रंगाचा अंगठा

माझे वडील सुरतेत, पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलच्या रंगखोलीत कामाला होते. कापडाचा रंग नमुन्याशी जुळला की जुळवणारा नमुन्याच्या तुकड्यावर सही करायचा. वडिलांना सहीचा कंटाळा. ते रंगाचा अंगठा दाबायचे आणि म्हणायचे, "पास शे." घरी आम्ही अहिराणीच बोलायचो.

च्युइंगमच्या पाकिटातून निघालेलं क्रिकेटपटूचं कार्ड मी दाखवलं की ते तेच करत. पाळीवरून आल्या आल्या दारातल्या उजेडात कार्ड पुढून बघत, मागून बघत आणि मागच्या बाजूला अंगठा दाबत. त्या दिवशी मिलमध्ये जो रंग चालला असेल तो उमटायचा. फिरोजी, मेंदी, रामा ग्रीन. ड्रमच्या झाकणाने कापल्याचा आडवा व्रण त्यांच्या अंगठ्यावर होता. तो प्रत्येक ठशात पांढरी रेघ होऊन यायचा.

चाळीच्या जिन्यावर आमची अदलाबदल चालायची. एका फलंदाजाला दोन गोलंदाज असा भाव होता. माझ्या कार्डांना मात्र गिऱ्हाईक नव्हतं. मागून रंग लागलेला माल कोण घेणार? त्यामुळे माझी कार्डं माझ्यापाशीच राहिली. मिलने टाकून दिलेल्या शेडकार्डात, म्हणजे रंगांचे नमुने लावायच्या जाड पुस्तकात, ब्लेडने चिरा पाडून मी ती खोवून ठेवायचो. चाळीस कार्डांचा संच होता. तो पुरा करून दाखवला की च्युइंगमच्या कंपनीकडून बॅट मिळायची. शेवटी अडलेला यष्टिरक्षक निघाला त्या दिवशी मिलमध्ये राणी रंग चालला होता.

चाळीखालच्या किराणा दुकानदाराचा मुलगा माझ्याच वर्गात होता. तो म्हणाला, एक दिवस दे, नीट बघतो. मी दिलं. दुसऱ्या दिवशी तो पडलेल्या चेहऱ्याने आला. आईने केरात टाकलं, म्हणाला.

चाळीमागच्या उकिरड्यात मी दुपारभर शोधत होतो. पाळी संपवून वडील आले, त्यांनी काही न विचारता पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तेही उतरले. भाजीचा चिखल, राख, कापडाच्या चिंध्या हातांनी उपसत राहिले. जिन्यातून लोक बघत होते, कोणी हसलंही. आणि तो दुकानदाराचा मुलगा माझ्या शेजारी वाकून आमच्याबरोबर शोधत होता. "काका, तिकडे बघा," असं वडिलांना सांगतही होता.

बॅट गेली त्याचं मला काही वाटत नाही. त्याने माझ्या बापाला उकिरड्यात वाकवलं. अर्थात हे मला तेव्हा कळलं नव्हतं. कळलं ते तीस वर्षांनी, गेल्या हिवाळ्यात, मोबाइलवर.

आता जुन्या कार्डांचे शौकीन झालेत. पोट सुटलेले, चष्मे लागलेले आमच्याच वयाचे लोक पारदर्शक पाकिटांत कार्डं घालून फिरतात आणि कोपरा दुमडला म्हणून हळहळतात. सुरतेतल्या अशा लोकांचा एक ग्रुप आहे, मीही त्यात आहे. मी आज एका मिलमध्ये रंग जुळवण्याचंच काम करतो. एका सकाळी चहा पिताना ग्रुपवर यष्टिरक्षकाच्या कार्डाचा फोटो आला, टाकणाऱ्याचं नाव त्या दुकानदाराच्या मुलाचं. पुढची बाजू, मग मागची. मागे राणी रंगाचा अंगठा आणि मधून पांढरी रेघ. खाली हिंदीत लिहिलं होतं: माझे स्वर्गवासी वडील रंगकामगार होते, प्रत्येक कार्डावर ते असा अंगठा उमटवायचे, ही त्यांची शेवटची आठवण. खाली हात जोडलेल्यांची रांग लागली होती.

कार्ड चोरलंस ते चोरलंस, वर बापही चोरलास? माझे वडील जाऊन सहा वर्षं झाली. तो अंगठा माझा होता, मला तो परत हवा होता. पण नुसता परत नको होता. मी ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही. फक्त त्याला वेगळं विचारलं, रविवारच्या मेळाव्याला कार्ड आणणार का?

रविवारी हॉलमध्ये पंचवीस-तीस जण जमले होते. त्याने मला ओळखलं नाही. मी त्याला सगळी गोष्ट मोठ्याने सांगायला लावली. रंगखोली, पाळी, अंगठा, काही सोडू दिलं नाही. लोक गोळा झाले. मग मी विचारलं, "बाकी के कार्ड?"

"पुरात गेले," तो हिंदीत म्हणाला.

मी पिशवीतून शेडकार्ड काढून टेबलावर उघडलं. एकेक कार्ड उलटं करत गेलो. फिरोजी, मेंदी, रामा ग्रीन. एकोणचाळीस अंगठे आणि एक रिकामी चीर. कार्ड तपासायला सगळ्यांच्या खिशात भिंग असतंच. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आधी माझी कार्डं पाहिली, मग त्याचं, आणि भिंग खिशात ठेवून ते त्याच्याकडे बघत राहिले.

"तुझे वडील काय करायचे, सांग यांना," मी म्हणालो.

त्याने कार्ड उचलून हातात घेतलं. मी पुन्हा विचारलं.

"किराणा," तो म्हणाला. मग जवळ सरकून हळूच, चाळीतल्या अहिराणीवर येत, "भाऊ, आते जाऊ दे ना. इतकी वर्षं जपलं मी ते."

"मीही जपली," मी त्या चिरेवर बोट ठेवून म्हणालो.

त्याने कार्ड पुढे केलं. कार्ड निसटलं आणि टेबलाखाली गेलं, जिथे चहाचे कागदी पेले, खमणाचे द्रोण आणि कोणीतरी सांडलेली चटणी होती. माझे गुडघे वाकायला निघालेच होते. वडिलांचा अंगठा होता तो. पण मी ताठ उभा राहिलो.

"शोध," मी म्हणालो.

तो खाली बसला, मग गुडघ्यांवर आला, मग हातांवर. पेले बाजूला करायला लागला. सगळे बघत होते, मागे कोणीतरी हसलंही. कार्ड कुठे आहे ते मला उभ्या उभ्या दिसत होतं, त्याच्या डाव्या हातापासून वीतभरावर.

"तिकडे बघ," मी म्हणालो आणि त्याच्या उजवीकडे बोट दाखवलं.